जपानमध्ये बाहेर जेवायला जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी टोक्योत निशिकासाईला राहते. भारतातून कोणी यायचं ठरलं की विमानाच्या तिकिटाआधी मला मेसेज येतो, आणि फिरून झालं की दुसरा मेसेज येतो, "अगं तिथे आम्हाला आत घेतलंच नाही". २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी लोक येऊन गेले, त्यामुळे हा अनुभव फक्त आपल्या लोकांचा नाही, जगभरातल्यांचा आहे. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आत पाय टाकल्या टाकल्या सगळे एकदम ओरडतात, त्याला काय उत्तर द्यायचं?

काहीच नाही. "इराश्शाईमासे" म्हणजे या, यावं. हसून मान हलवली तरी पुरे. पण थेट जाऊन रिकाम्या टेबलावर बसू नका, दारातच थांबा, कोणीतरी येऊन "नानमेईसामा देसु का" म्हणजे किती जण आहात असं विचारेल, तेव्हा बोटांनी आकडा दाखवा. गर्दी असेल तर दारापाशी वही नाहीतर टॅब्लेट ठेवलेला असतो, त्यात नाव आणि किती जण ते लिहायचं. नाव छोटं लिहा. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सगळं लिहिलं, ती वेट्रेस बिचारी दोनदा दारात येऊन काहीतरी पुकारून गेली, आम्हाला ते आपलं नाव आहे हे कळलंच नाही आणि मागची माणसं आत गेली.

टेबलं रिकामी दिसत होती तरी हातांची फुली करून नाही म्हणाले. आम्ही परदेशी म्हणून का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि मनाला लागणाराही. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. रिकामं टेबल म्हणजे मोकळी जागा असं इथे नसतं. टेबल सातच्या बुकिंगसाठी राखलेलं असेल तर सहा वाजताही तिथे कोणाला बसवत नाहीत. छोट्या हॉटेलात आत एकच माणूस रांधतो आणि एकच वाढतो, त्यांना जेवढ्यांना नीट खायला घालता येईल तेवढेच लोक ते घेतात, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतात. आपल्याकडे "या, बसा, दहा मिनिटांत देतो" म्हणून आधी बसवून घेतात आणि मग चाळीस मिनिटं लागतात, इथे बसवलं म्हणजे वेळेवर देणारच हे कबूल केल्यासारखं असतं. शिवाय "लास्ट ऑर्डर" नावाचा प्रकार असतो, दारावर बंद व्हायची वेळ दहा लिहिलेली असली तरी शेवटची ऑर्डर साडेनऊलाच घेतात, आणि दुपारचं जेवण बऱ्याच ठिकाणी दोनच्या सुमारास संपतं ते थेट पाच-साडेपाचला परत उघडतात.

क्योतोमध्ये काही जुन्या ठिकाणी "इचिगेनसान ओकोतोवारी" अशी पद्धत आहे, म्हणजे पहिल्यांदाच येणाऱ्या अनोळखी माणसाला प्रवेश नाही, कोणातरी जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून द्यावी लागते. तिथे टोक्योहून आलेल्या जपानी माणसालाही परत पाठवतात. कारण तिथे बिल नंतर घरी पाठवायची रीत होती, तुमचे पैसे बुडले तर ओळख देणाऱ्याने भरायचे, त्यामुळे ओळखीशिवाय दार उघडतच नाही.

पण कधी कधी उत्तर "हो" असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याचदा त्यामागे भाषेची धास्ती असते, की हे लोक काय विचारतील, मला समजावता येणार नाही, काहीतरी चुकेल. मी एकदा एका गल्लीतल्या आठ खुर्च्यांच्या ठिकाणी गेले, मी तोंड उघडायच्या आत काउंटरमागच्या आजोबांनी हातांची फुली केली. मी जपानीत म्हटलं, एकटीच आहे, जपानी मेन्यू चालेल. त्यांचा चेहराच बदलला, लगेच खुर्ची पुढे केली, वर घरची लोणची काढून दिली. जेवण फार छान होतं. पण ती फुली माझ्या तोंडाकडे बघून केली होती हे मी अजून विसरलेले नाही, आणि ज्याला जपानी येत नाही तो तिथून उपाशीच गेला असता.

"जपानीज ओन्ली" अशी पाटी खरंच असते का? ते कायदेशीर आहे?

असते, कमी असते पण असते. जास्त करून बार, रात्रीची ठिकाणं, कधी एखादं छोटं हॉटेल. जपान १९९५ मध्ये वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला पण खासगी दुकानदाराला असा भेद करायला थेट बंदी घालणारा, शिक्षा करणारा कायदा देशात नाही. २०१६ चा एक कायदा आहे तो द्वेषपूर्ण भाषणाबद्दल आहे आणि त्यातही शिक्षा नाही.

तरी लोक कोर्टात गेलेत आणि जिंकलेतही. हामामात्सु शहरात एका ब्राझिलियन बाईला दागिन्यांच्या दुकानातून बाहेर जायला सांगितलं होतं, १९९९ मध्ये कोर्टाने तिला १५ लाख येन भरपाई दिली. होक्काइदोतल्या ओतारुमध्ये एका गरम पाण्याच्या स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना बंदी केली होती, त्यातला एक जण तर जपानी नागरिकत्व घेतलेला होता, पासपोर्ट जपानी पण चेहरा परदेशी म्हणून त्यालाही नाही म्हटलं, २००२ मध्ये साप्पोरोच्या कोर्टाने तिघा तक्रारदारांना प्रत्येकी १० लाख येन द्यायला लावले. मला हे दोन निकाल फार महत्त्वाचे वाटतात, कारण "त्यांचं दुकान, त्यांची मर्जी" असं आपलीच माणसं पटकन म्हणून टाकतात. ते तसं नाहीये. असं काही झालं तर फोटो काढून ठेवा आणि न्याय मंत्रालयाची मानवाधिकार सल्ला सेवा आहे, तिथे परदेशी भाषांतही बोलता येतं, तिथे कळवा.

वेटर "चोत्तो…" म्हणून गप्प बसतो, म्हणजे काय?

म्हणजे नाही. "चोत्तो" म्हणजे जरा, आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडलेलं असतं ते तुम्ही समजून घ्यायचं. "मुझुकाशी देसु" म्हणजे शब्दशः "कठीण आहे", पण हॉटेलात त्याचा अर्थ होणार नाही. आपल्या कानाला "कठीण आहे" म्हणजे अजून थोडा आग्रह केला तर जमेल असं वाटतं, म्हणून आपण आणखी गोड बोलून विचारतो, आणि समोरचा माणूस आणखी वाकून तेच म्हणतो, पाच मिनिटं असंच चालतं आणि दोघंही दमतात. आपल्याला वाटतं हा स्पष्ट बोलत नाही, त्याला वाटतं मी दोनदा नाही म्हटलं तरी हे ऐकत नाहीत. हा एक शब्द कळला तर निम्मे वाईट अनुभव टळतील असं माझं मत आहे.

कांदा नको, अंडं नको, एवढं साधं सांगितलं तरी का करून देत नाहीत?

यावर मीही सुरुवातीला खूप चिडायचे. बऱ्याच चेनमध्ये ठरलेला सेट असतो, काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी पार्टटाइम म्हणजे "आरुबाईतो" वर असते, आणि मॅन्युअलमध्ये नसलेली गोष्ट स्वतःच्या मनाने करायचा अधिकार तिला नसतो. तिने केलं आणि काही बिघडलं तर ते तिच्यावर आणि मॅनेजरवर येतं. जे मॅन्युअलमध्ये आहे ते मात्र इतकं नीट करतील की डोळ्यांत पाणी यावं, पावसात बाहेर पडताना कागदी पिशवीवर प्लास्टिकचं कव्हर घालून देतील, विसरलेली छत्री घेऊन सिग्नलपर्यंत धावत येतील.

माझी आई आली होती तेव्हाची गोष्ट. उदोन म्हणजे जाड नूडल्सच्या दुकानात मी विचारलं की वरचे माशाचे तुकडे, म्हणजे कात्सुओबुशी, न घालता द्याल का. ती मुलगी आत गेली, परत आली, म्हणाली वरचे काढता येतील पण सॉसच माशाच्या पाण्यात केलाय, तेव्हा यात मासा नाही असं आम्हाला म्हणता येणार नाही, माफ करा. आणि ऑर्डर घेतलीच नाही. आम्ही उपाशी, बाहेर पाऊस, माझा संताप संताप झाला. आई मात्र म्हणाली, "खोटं सांगून वाढलं नाही हे बरं झालं बाई." तेव्हापासून मी याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आधी सांगितलंत तर चित्र पूर्ण वेगळं असतं. त्याच ट्रिपमध्ये एका छोट्या ऱ्योकानला, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या ठिकाणी, मी पंधरा दिवस आधी मेल करून आईचं सगळं लिहिलं होतं. त्यांनी तिच्यासाठी प्रत्येक पदार्थ वेगळा केला, आणि शेजारी हाताने लिहिलेला कागद ठेवला, कशात काय घातलंय त्याचा. तो कागद आईने पुण्याला नेला आणि देवघराच्या खणात ठेवलाय. ऐनवेळी मागितलं की अडतं, वेळ दिला की हेच लोक जीव ओततात.

शाकाहारी माणसाने नक्की काय खायचं?

आधी अडचण समजून घ्या. "बेजितारियन" म्हटलं की मांस काढतात, मासा राहतो. खरा प्रश्न "दाशी"चा आहे, म्हणजे बहुतेक वेळा माशापासून काढलेलं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, सोबा म्हणजे बकव्हीटच्या नूडल्सच्या सॉसमध्ये असतं, साध्या दिसणाऱ्या शिजवलेल्या भाजीतही असतं. म्हणून "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु" हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत ठेवा, म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

सुशीच्या दुकानात काकडीचा कप्पामाकी म्हणजे भाताचा रोल मिळतो, शिवाय एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा असतात. कोको इचिबान्या या करीच्या चेनच्या बऱ्याच शाखांत व्हेजिटेरियन करी मिळते. टोक्यो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं रामेनचं, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचं ठिकाण आहे, पूर्ण व्हीगन, पण ते तिकिटाच्या गेटच्या आत आहे हे लक्षात ठेवा. निशिकासाईत आणि एकूणच टोक्योत भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, त्यातली बरीच नेपाळी लोक चालवतात, नान मोठा असतो आणि भाजी थोडी गोडसर.

आणि जमलं तर कोयासानला जाच. वाकायामा प्रांतातला हा डोंगर, तिथे देवळांमध्येच राहता येतं आणि शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण मिळतं, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीची नाहीतर शिताके मशरूमची. तिळाचा गोमा-दोफु, म्हणजे तोफूसारखा मऊ पदार्थ, खाऊन माझ्या सासूबाई म्हणाल्या याला आपण रोज खाऊ शकतो. तिथे कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवला, महाराष्ट्रातून येणारे बरेच जण मुद्दाम तिथे जातात. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, उशीर करू नका, तिथे कोणी ताट झाकून ठेवत नाही.

ॲलर्जी आहे असं सांगितलं तर जेवायलाच नको म्हणाले!

होतं असं. पॅकबंद खाण्यावर ठरावीक गोष्टी लिहिणं सक्तीचं आहे, जसं कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा, अंडं, दूध, शेंगदाणा. हॉटेलात ती सक्ती नाही, आणि एकाच तेलात, एकाच पाण्यात सगळं शिजतं, त्यामुळे जबाबदारी घेता येणार नाही म्हणून ते सरळ नकार देतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला मी सांगेन, या नकाराचा राग मानू नका. मोठ्या चेनचे ॲलर्जीचे तक्ते वेबसाइटवर असतात, ते आधी बघून ठेवा. पण आवडत नाही म्हणून "ॲलर्जी आहे" असं खोटं सांगू नका प्लीज, काही जण असं करतात, आतमध्ये अख्खं स्वयंपाकघर कामाला लागतं.

मागवलं नव्हतं ती वाटी आली आणि बिलात तिचे पैसे लावले. फसवलं का?

नाही, ते ओतोशी. ओसाकाकडे त्याला त्सुकिदाशी म्हणतात. इझाकाया म्हणजे दारू आणि सोबत छोटे पदार्थ अशी ठिकाणं, तिथे बसल्याबरोबर एक छोटी वाटी येते, माणशी साधारण ३०० ते ५०० येन, बसायचं भाडं म्हणा. दारू न पिणाऱ्यालाही लागते. आणि त्यात बऱ्याचदा मासा असतो, त्यामुळे शाकाहारी माणूस पैसे देतो आणि खातही नाही. हे मला स्वतःला पटत नाही, निदान इंग्लिश मेन्यूवर ठळक लिहायला हवं. काही ठिकाणी आल्या आल्या सांगितलं तर काढतात, काही ठिकाणी नाही.

खरी फसवणूक वेगळी असते. टोक्योतल्या काबुकिचोसारख्या बार-क्लबांच्या भागात रस्त्यात गाठून "या, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याच्या मागे अजिबात जाऊ नका. तिथे रस्त्यावर स्पीकरवरून तशी सूचना सतत चालू असते.

टीप?

द्यायची नाही. टेबलावर ठेवली तर विसरलात म्हणून मागे धावत येतील. पैसेही हातात देऊ नका, काउंटरवर छोटा ट्रे असतो त्यात ठेवा. बिल टेबलावर येऊन पडतं, ते उचलून दाराजवळच्या काउंटरवर न्यायचं.

मशीनवर तिकीट काढायचं असतं ते कसं?

रामेन, ग्युदोन म्हणजे बीफ-भाताच्या वाडग्याच्या दुकानांत दारातच केनबाईकी असतं. आधी पैसे टाका, मग बटण दाबा, तिकीट आतल्या माणसाला द्या. जुन्या मशीनला फक्त १००० ची नोट चालते. जुलै २०२४ मध्ये नवीन नोटा आल्या, १००० वर कितासातो शिबासाबुरो आहेत, आणि काही जुनी मशीनं या नवीन नोटा परत टाकतात, तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवा. मागे रांग असेल तर घाबरून कुठलंही बटण दाबू नका, बाजूला होऊन फोनने भाषांतर करा आणि मग परत रांगेत या, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण बहुतेक दुकानाचा मुख्य पदार्थ असतो.

चौघांत दोन डिश घेऊन वाटून खाल्लं तर चालतं का? आणि घरचे ठेपले?

रामेनच्या काउंटरवर नाही, तिथे माणशी एक वाडगा. कॅफेत माणशी एक ड्रिंक. इझाकायात मात्र सगळं वाटूनच खातात. लहान मुलांचं आधी विचारा, काही काउंटरवाल्या ठिकाणी घेत नाहीत. बाहेरचं खाणं आत काढायचं नाही, "मोचिकोमी किन्शी" लिहिलेलं असतं, तान्ह्या बाळाचं सोडून. ठेपले शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये खा, तिथे सगळेच डबे उघडून बसलेले असतात.

जेवून झाल्यावर गप्पा मारत बसलं तर?

रांग असेल तर उठा. प्यायच्या ठिकाणी ९० मिनिटं किंवा दोन तास अशी वेळ ठरलेली असते आणि ते वेळ संपली की येऊन सांगतात, तो अपमान नाही.

बुकिंग करून ऐनवेळी नाही गेलं तर काय एवढं होतं?

खूप होतं. दहा खुर्च्यांच्या दुकानात तुम्ही चौघं आला नाहीत तर त्या दिवसाची जवळजवळ निम्मी कमाई गेली, आणि तुमच्या मोजणीने आणलेला मासा टाकून द्यावा लागतो. लोक एकाच रात्रीची तीन ठिकाणं बुक करून ठेवतात आणि जे जवळ पडेल तिथे जातात. यामुळेच बरीच दुकानं आता परदेशी नंबरवरून बुकिंग घेत नाहीत, किंवा तुम्ही उतरलेल्या हॉटेलच्या रिसेप्शनमधून करा म्हणतात, किंवा कार्ड आधी मागतात. जाणार नसाल तर फोन करा, आदल्या दिवशी केलात तर उत्तम.

मला जपानी येतं तरी वेटर माझ्याशी न बोलता माझ्या जपानी मैत्रिणीकडेच का बघतो?

हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी जपानीत ऑर्डर द्यायची आणि उत्तर शेजारच्या मैत्रिणीला मिळायचं. कधी ती मैत्रीण जपानी नसून कोरियन किंवा जपानी येत नसलेली चिनी असते, तरीही. दुखतं ते. वाईट हेतू बहुतेक नसतो पण वर्षानुवर्षं तेच झालं की माणूस आपल्याच गावात पाहुणा राहतो. मी आता शांतपणे पुढचा प्रश्नही जपानीतच विचारते, साधारण तिसऱ्या वाक्याला ते माझ्याकडे बघायला लागतात.

तक्रार करायची असेल तर? इथे तर ग्राहक म्हणजे देव म्हणतात ना?

ते वाक्य मिनामी हारुओ या गायकाचं, आणि तो स्टेजवर देवासमोर उभं राहिल्यासारखं मन स्वच्छ ठेवून गातो असं त्याला म्हणायचं होतं. दुकानात आरडाओरडा करायचा परवाना त्यात नव्हता. आता तर गिऱ्हाइकाने कर्मचाऱ्याला त्रास देण्याला "कासुहारा" असा शब्दच आहे आणि टोक्योने त्याविरुद्ध नियम केलाय, १ एप्रिल २०२५ पासून लागू. तेव्हा आवाज चढवू नका, इथे आवाज चढला की तुमचं खरं असलं तरी तुम्हीच चुकीचे ठरता. पदार्थ चुकीचा आला तर "सुमिमासेन" म्हणून मेन्यूवर बोट ठेवून दाखवा, बहुतेक वेळा एका मिनिटात बदलून मिळतो. पैशाचा मोठा घोळ असेल तर १८८ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

उरलेलं पार्सल मिळतं का?

सहसा नाही, विषबाधा झाली तर काय या भीतीने देत नाहीत. २०२४ च्या शेवटी सरकारने उरलेलं घरी न्यायला उत्तेजन देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यामुळे विचारायला हरकत नाही, "मोचिकाएरी देकिमासु का". वेट्रेस जरा थांबून "चोत्तो…" म्हणाली तर ताटातलं तिथेच संपवा.